सेझान आणि त्याच्या गावचे संग्रहालय

मोठ्या शहरातील कलासंग्रहालय आणि लहान गावातील कलासंग्रहालय यांत फरक आहे तो केवळ आकाराचा, असे सामान्यतः समजले जाते. पॅरिसच्या लूव्हरमध्ये जे पुष्कळ आहे तेच प्रांतातल्या संग्रहालयात थोडे असते. तेथे जे अस्सल व उत्कृष्ट असते ते येथे दुय्यम किंवा संशयास्पद असते. मग ज्याला पॅरिस गाठता येते त्याने प्रांतात वेळ का दवडावा, असा हा युक्तिवाद आहे. सामान्य प्रेक्षकापुरता तो खरा असेलही. परंतु संग्रहालयात जाणारा माणूस स्वतः चित्रकार असला की हा हिशेब साफ चुकतो, असे आमचे मत आहे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, पणजी अशा, मुंबईच्या कलाव्यवहारापासून दूर असलेल्या ठिकाणी ज्यांचे आयुष्य गेले, त्या आमच्या वाचकांना तरी या प्रश्नाचा विचार अगत्याचा वाटावा. तो करण्यासाठी आम्ही एक परदेशी पण अत्यंत बोलके उदाहरण घेत आहोत : दक्षिण फ्रान्समधील एक्स हे गाव, तेथील संग्रहालय आणि त्या गावचा मुलगा पॉल सेझान. शेवटी आपल्या घराकडे वळूच.

एक्स हे प्रोव्हान्स प्रांताचे पूर्वीचे राजधानीचे नगर. न्यायालये, विद्यापीठ, जुन्या घराण्यांचे वाडे आणि चौकाचौकांतील कारंजी यांनी ते सजलेले. प्रतिष्ठा मोठी, पण एकोणिसाव्या शतकात व्यापारउदीम मात्र शेजारच्या मार्सेय बंदराकडे गेलेला. अशा गावाचा स्वभाव आपल्या जुन्या संस्थानी राजधान्यांत राहिलेल्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. तेथे १८३८ साली, सेंट जॉनच्या चर्चला लागून असलेल्या माल्टाच्या धर्मवीरांच्या जुन्या वास्तूत, संग्रहालय उघडण्यात आले. फ्रान्स्वा मारियुस ग्राने हा एक्सचाच चित्रकार. १८४९ मध्ये तो वारला तेव्हा त्याने आपला संग्रह गावाला दिला, आणि बरोबर शंभर वर्षांनी, १९४९ मध्ये, संग्रहालयाला त्याचे नाव देण्यात आले. महत्त्वाची गोष्ट अशी की याच इमारतीत गावची चित्रकलेची मोफत शाळाही होती. शाळेचे शिक्षक जोझेफ जिबेर हेच संग्रहालयाचेही अधिकारी. रेखांकनाचा वर्ग आणि भिंतीवरची चित्रे ही दोन्ही एकाच छपराखाली, हाताशी असावीत, अशी ही सोय होती.

या वर्गात १८५७ मध्ये अठरा वर्षांचा सेझान दाखल झाला. बाप टोप्यांच्या व्यापारातून वर येऊन पेढीचा मालक झालेला. त्याने मुलाला कायदा शिकावयास लावले. १८५८ च्या अखेरीस मुलाचे नाव एक्सच्या विद्यापीठात कायद्याच्या वर्गात घातले गेले आणि पुढची काही वर्षे एकीकडे कलमे व दुसरीकडे रेघा असा त्याचा दुहेरी संसार चालला. वकिली करणाऱ्या आमच्यासारख्यांना या तपशिलाची थोडी गंमत वाटते. आमच्या धंद्याने जगाला जे काही दिले असेल त्यात, वेळीच हातून निसटू दिलेल्या या विद्यार्थ्याचा समावेश करावयास हरकत नसावी. पॅरिसहून त्याचा बालमित्र एमिल झोला, दोहोंपैकी काय ते एकच पत्कर, म्हणून पत्रांतून टोचीत होता. १८५९ मध्ये चित्रशाळेने त्याला बक्षीस दिले, तेही दुसरे. १८६१ मध्ये त्याने कायद्याला रामराम ठोकला आणि पॅरिसची वाट धरली.

आता प्रश्न असा की या वर्षांत, आणि पुढे वारंवार गावी परतल्यावर, सेझानने त्या संग्रहालयात काय पाहिले? या प्रश्नाला पुरावा मिळतो, कारण चित्रकाराने मनापासून पाहिलेले आज ना उद्या त्याच्या हातून बाहेर पडतेच. आपण तीन चित्रे साक्षीला घेऊ.

पहिले चित्र फेलिक्स फ्रिलिये या चित्रकाराचे. कवीच्या कपाळाचे चुंबन घेणारी काव्यदेवता, असा त्याचा विषय. चित्र गोड आहे, गुळगुळीत आहे, आणि त्यापलीकडे फारसे काही नाही. फ्रिलियेचे नाव आज कोणी घेतलेच तर ते बहुधा सेझानमुळेच. परंतु १८६० च्या सुमारास सेझानने या चित्राची मनोभावे नक्कल केली. पुढे ज्याने आकृतीला पाषाणाचे वजन दिले, त्या हाताने आरंभी हा साखरेचा पाक घोटला होता. याचे नवल करू नये. नवशिक्याला प्रथम जे लागते ते श्रेष्ठ चित्र नव्हे, तर पूर्ण झालेले चित्र. कापड कोठून सुरू होते आणि कोठे संपते, अंधारातून खांदा कसा काढतात, दोन आकृती एका चौकटीत कशा बसवितात, हे मध्यम प्रतीच्या कारागिराकडूनही शिकता येते. कधी कधी त्याच्याकडूनच अधिक स्पष्ट शिकता येते, कारण त्याच्या युक्त्या झाकलेल्या नसतात.

दुसरे चित्र अँग्र या महान चित्रकाराचे ‘ज्युपिटर आणि थेटिस’. १८११ मध्ये काढलेले हे चित्र सुमारे सव्वातीन मीटर उंच आहे, आणि १८३४ मध्ये ते सरकारकडून एक्सला आले. सिंहासनावर अढळ बसलेला देवराज, त्याच्या पायाशी विनवणी करणारी अप्सरा. रेषा इतकी निर्दोष की तिच्यापुढे श्वास घेण्याची चोरी वाटावी. या चित्राची सेझानने नक्कल केली नाही. त्याने त्याची थट्टा केली. १८५९ मध्ये बापाने गावाबाहेर झा द बुफाँ नावाची मळ्याची मिळकत घेतली. तिच्या दिवाणखान्यात भिंतीवर तरुण सेझानने चार ऋतूंची मोठी चित्रे रंगविली आणि त्यांवर सही ठोकली ती ‘अँग्र’ अशी. एका चित्रावर तर १८११ हे सालही घातले. ही चित्रे आता पॅरिसच्या पती पाले संग्रहालयात आहेत. हा विनोद पोरकट खरा. पण त्याचा अर्थ पोरकट नाही. दररोज ज्याच्यासमोरून जावे लागते, आणि ज्याच्यासारखे आपल्याला काढता येत नाही व काढावयाचेही नाही, अशा चित्राशी तो तरुण भांडत होता. विद्यार्थ्याला गुरू लागतो तसा प्रतिपक्षही लागतो. प्रतिपक्ष तोलामोलाचा असावा लागतो, आणि तो गावातच असावा लागतो. दूरच्या शत्रूशी भांडणे रंगत नाही.

तिसरी साक्ष सर्वांत महत्त्वाची. पत्ते खेळणाऱ्या सैनिकांचे एक सतराव्या शतकातील चित्र या संग्रहालयात होते. ते ल नें बंधूंच्या नावावर सांगितले जाई. ते खरोखर कोणाच्या हातचे, याविषयी जाणकारांत एकमत नाही. म्हणजे राजधानीच्या मोजपट्टीने पाहिल्यास हे चित्र संशयित. सेझानने ते विद्यार्थिदशेत पाहिले असणार, आणि प्रौढ वयात त्याविषयी त्याला आदर होता, असे त्याला ओळखणाऱ्यांनी नमूद केले आहे. १८९० नंतरच्या काही वर्षांत, पन्नाशी ओलांडलेला सेझान याच विषयाकडे वळला आणि त्याने पत्ते खेळणाऱ्यांची पाच चित्रे काढली. त्यांसाठी झा द बुफाँच्या मळ्यावरची माणसे बसली. त्यांत पोलँ पोले हा माळीही होता.

या पाच चित्रांपैकी एकात पाच आकृती आहेत, एकात चार, आणि उरलेल्या तिन्हींत केवळ दोन. दोन खेळाडूंची ही चित्रे पाहावीत. पत्त्यांचा विषय युरोपच्या चित्रकलेत जुना. पण त्यात बहुधा काही तरी घडत असे. कोणी फसवितो, कोणी फसतो, कोणी प्यालेला असतो, तलवार उपसली जाण्याच्या बेतात असते. सेझानने यातले एकूण एक काढून टाकले. मेजावर पैसा नाही. चेहऱ्यांवर लोभ नाही, राग नाही, हसू नाही. डावीकडच्याच्या तोंडात चिलीम आहे. दोघांच्या मधोमध उभी बाटली जणू चित्राचा कणा आहे. आणि दोघे आपापल्या हातातील पानांकडे, शेतकरी आभाळाकडे पाहतो तसे, शांतपणे पाहत आहेत. डाव कोण जिंकतो हे विचारावेसेच वाटत नाही. जे क्षणाचे होते ते त्याने स्थिर केले, आणि जे करमणुकीचे होते त्याला त्याने साक्षीच्या शपथेचे गांभीर्य दिले. उंच बाह्यांचे अंगरखे डोंगराच्या उतारांसारखे दिसतात, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती नव्हे; त्याच काळात तो गावाजवळच्या सेंट व्हिक्तोआर डोंगराची चित्रे काढीत होता.

वर्गात पाहिलेले चित्र आणि हे चित्र यांच्यामध्ये तीस वर्षांचे अंतर आहे. आमच्या मते प्रांतिक संग्रहालयाचा खरा उपयोग येथे दिसतो. लूव्हरमध्ये चित्रकार हजार चित्रे एकदा पाहतो. गावच्या संग्रहालयात तो दहा चित्रे हजार वेळा पाहतो. पंढरीची वारी आणि गल्लीतल्या मारुतीचे दर्शन यांतला हा फरक आहे. वारीचे पुण्य मोठे, पण रोज जाता येता ज्याला हात जोडले जातात तो देव अंगवळणी पडतो, आणि आयुष्याच्या कोणत्या वळणावर त्याचा आठव होईल हे सांगता येत नाही. ज्या चित्राची निवड आपण केलेली नाही, जे केवळ गावात आहे म्हणून पाहावे लागले, तेच चित्र मनाच्या तळाशी बसून राहते.

येथे प्रतिवाद्याचे म्हणणेही नोंदविले पाहिजे. एक्सच्या भिंतींनी सेझान घडविला, असा दावा आम्ही करीत नाही. त्याने लूव्हरमध्ये नक्कलकार म्हणून १८६३ मध्ये नाव नोंदविले आणि पुढे आयुष्यभर तेथील चित्रांवरून रेखाटने केली. निसर्गासमोर बसून रंग कसा लावावा हे तो पिसारोजवळ शिकला. पॅरिसला गेला नसता तर तो कदाचित दुसऱ्या बक्षिसाचाच धनी राहिला असता. आमचे म्हणणे इतकेच, की पॅरिसला जो गेला तो रिकाम्या डोळ्यांनी गेला नाही. कशाशी तुलना करावयाची, याचे पहिले माप त्याला गावाने दिले होते, आणि परत आल्यावर तेच माप त्याने नव्याने तपासले.

आता या प्रकरणाची दुसरी बाजू. १८९२ मध्ये संग्रहालयाची सूत्रे ऑग्युस्त आंरी पाँतिये या शिल्पकाराकडे आली आणि १९२५ पर्यंत ती त्याच्याकडेच राहिली. आपण जिवंत असेपर्यंत सेझानचे चित्र या संग्रहालयात शिरणार नाही, असे त्याने जाहीर केले होते. तो शब्द त्याने पाळला. १८९२ हे साल ध्यानात ठेवावे. पत्ते खेळणाऱ्यांची चित्रे ज्या वर्षांत काढली जात होती, नेमकी तीच ही वर्षे. ज्या भिंतीवरचे चित्र पाहून ती सुचली, त्या भिंतीवर त्यांना मज्जाव होता. पाँतियेच्या कारकिर्दीचे पाचवे वर्ष चालू असताना, १८९७ मध्ये, बर्लिनच्या राष्ट्रीय चित्रालयाने सेझानचे एक निसर्गचित्र खरेदी केले. परक्या देशाच्या, तेही नुकत्याच लढून गेलेल्या शत्रुदेशाच्या, सरकारी संग्रहालयाला जे दिसले ते घरच्यांना दिसले नाही.

पाँतियेला खलनायक ठरवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ते न्यायाचे होणार नाही. त्याच्या बाजूने पुष्कळ बोलता येईल. संग्रहालयाचा अधिकारी हा गावच्या प्रत्येक चित्रकाराचा देणेकरी नसतो. सेझानची चित्रे त्या काळच्या सुशिक्षित डोळ्याला अपुरी, वेडीवाकडी, कित्येकदा अर्धवट सोडलेली दिसत. त्यांत कापड कोरे राहिलेले असे, मेजाच्या कडा जुळत नसत. ज्याची उमर पारंपरिक शिल्पकलेत गेली त्याला ती पटली नाहीत, तर त्यात अप्रामाणिकपणा नाही. नावडण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, आणि अधिकाऱ्याने आवडनिवड ठेवूच नये असे म्हणणाऱ्याने संग्रहालयाचे गोदाम होऊ देण्याची तयारी ठेवावी.

मग दोष कोठे आहे? आमच्या मते तो निकालात नाही, निकालाच्या मुदतीत आहे. न्यायाधीश दावा फेटाळू शकतो. आज पुरावा अपुरा आहे असे म्हणू शकतो. पण हा दावा मी हयात असेपर्यंत कधीच ऐकणार नाही, असा हुकूम त्याला देता येत नाही. तसे केले की तो न्यायाधीश राहत नाही, पक्षकार होतो. पाँतियेने चित्रांविषयी मत दिले नाही, माणसाविषयी शपथ घेतली. १९०४ मध्ये पॅरिसच्या शरद प्रदर्शनात सेझानला स्वतंत्र दालन मिळाले. १९०६ मध्ये तो वारला. १९०७ मध्ये त्याच प्रदर्शनात त्याची छप्पन चित्रे एकत्र मांडली गेली आणि तरुण चित्रकारांची एक अख्खी पिढी हलली. यांतील प्रत्येक घटना फेरविचाराला पुरेशी होती. ज्याने सुनावणीच बंद केली त्याला नवा पुरावा उपयोगाचा नव्हता.

दुसरी कायद्याचीच गोष्ट. संग्रहालयाचा अधिकारी हा मालक नव्हे, विश्वस्त आहे. विश्वस्ताने स्वतःच्या हिताकडे पाहू नये हे तर खरेच. पण त्याने केवळ आजच्या लाभधारकांकडेही पाहू नये, हा विश्वस्तपणाचा अवघड भाग आहे. जो अजून जन्मला नाही त्याचाही त्या मिळकतीत हिस्सा असतो. १९२५ साली एक्सच्या चित्रशाळेत शिकणाऱ्या मुलाला आपल्या गावच्या सर्वांत मोठ्या चित्रकाराचे काम पाहण्यासाठी पॅरिसचे तिकीट काढावे लागत असे. साठ वर्षांपूर्वी सेझानला जे फुकट मिळाले होते, ते या मुलाला नाकारले गेले. पाँतियेने सेझानचे काही बिघडविले नाही, कारण सेझानला तोपर्यंत कोणाच्या भिंतीची गरज उरली नव्हती. त्याने बुडविले ते या निनावी मुलाचे.

गेलेले परत येणे सोपे नसते. पत्ते खेळणाऱ्यांच्या पाच चित्रांपैकी दोन आज अमेरिकेत आहेत, एक लंडनला, एक पॅरिसला. पाचवे कतारच्या राजघराण्याने घेतल्याचे आणि त्यासाठी सुमारे पंचवीस कोटी डॉलर मोजल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले होते. एक्समध्ये एकही नाही. १९८४ मध्ये फ्रेंच सरकारने सेझानची आठ चित्रे एक्सच्या संग्रहालयात ठेव म्हणून दिली, तेव्हा कोठे ही जुनी लाज काहीशी झाकली गेली. २०२५ च्या उन्हाळ्यात त्याच संग्रहालयाने झा द बुफाँ आणि सेझान या विषयावर मोठे प्रदर्शन भरविले. जगभरातून आणलेली सुमारे एकशेतीस कामे त्यात होती. प्रदर्शन संपल्यावर ती बहुतेक आपापल्या घरी परत गेली, आणि ती घरे एक्समध्ये नाहीत.

ही झाली परक्याची कथा. पण तिची आठवण देणारी गोष्ट आपल्या गोव्यात घडली आहे. सांत इस्तेव्ह येथे जन्मलेला आंजेलो द फोन्सेका हा चित्रकार शांतिनिकेतनात शिकून गोव्यात परतला आणि त्याने मेरीमातेला साडी नेसविली, येशूजन्माला आपल्या मातीतले घर दिले. गावच्या धर्मनिष्ठांना ते रुचले नाही. फोन्सेका पुण्याला ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात गेला, तेथेच त्याने आयुष्याचे काम केले आणि १९६७ मध्ये तो वारला. त्याच्या चित्रांचा मोठा संग्रह आज पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे. तो पत्नीने दिला म्हणून आहे. गोव्याचे दैव एक्सहून बरे, असे म्हणावे लागेल : एका घरात जपलेली चित्रे एकत्र राहिली आणि गावी परत येऊ शकली. पण हे दैव होते, व्यवस्था नव्हती.

आणि बडोद्याकडे पाहिले की याच प्रश्नाचे उजळ अंग दिसते. सयाजीराव महाराजांनी कमाटी बागेत १८९४ मध्ये संग्रहालय उभारले आणि युरोपातील चित्रे मुद्दाम खरेदी करून जोडीला चित्रदालन केले. पहिल्या महायुद्धामुळे रखडलेले ते दालन १९२१ मध्ये लोकांना खुले झाले. महाराजांनी आणलेली सगळीच चित्रे पहिल्या प्रतीची नव्हती, असे म्हणणारे आहेत. असतील. परंतु १९५० मध्ये त्याच नगरात विद्यापीठाची ललितकला शाखा निघाली, आणि इंदूरच्या देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली तयार झालेले नारायण श्रीधर बेंद्रे तेथे शिकवू लागले, तेव्हा त्यांच्या विद्यार्थ्यांना छापील पुस्तकातल्या चार बोटांच्या नकलेवर अवलंबून राहण्याचे कारण नव्हते. खऱ्या तैलरंगाचा थर केवढा असतो, तो काळवंडतो कसा, तडकतो कसा, हे पाहावयास बागेपर्यंत चालत जाणे पुरे होते. युरोपचे मध्यम प्रतीचे चित्र का असेना, पण हातभर अंतरावरचे, हे काही थोडे शिक्षण नव्हे. फ्रिलियेची नक्कल करणारा सेझान ज्याने पाहिला आहे, तो महाराजांच्या या खरेदीला हसणार नाही.

म्हणून गावोगावच्या संग्रहालयांच्या चालकांना आमची विनंती मोठ्या खर्चाची नाही. जी चित्रे दुय्यम म्हणून खोलीत कुलूपबंद आहेत त्यांतली काही पुन्हा भिंतीवर येऊ द्यावीत. कागद-पेन्सिल घेऊन आलेल्या मुलाला एक स्टूल द्यावे, आणि पहारेकऱ्याला आधीच सांगून ठेवावे की हा मुलगा तासभर एकाच चित्रासमोर बसला तरी त्याला उठवावयाचे नाही. गावच्या हयात चित्रकाराचे काम नाकारावयाचे झाल्यास खुशाल नाकारावे. मात्र कारण कागदावर लिहावे, खाली तारीख घालावी, आणि पाच वर्षांनी ते प्रकरण पुन्हा समोर ठेवावे. त्या वेळी खुर्चीवर दुसरा कोणी असेल तर अधिकच बरे.